परक्या देहाची सेवा आणि हलाल कमाई

आमच्या केमचे नाव बाहेरगावी दोन गोष्टींसाठी घेतले जाते. एक उत्तरेश्वराचे देवस्थान आणि दुसरे कुंकू. करमाळा तालुक्यातल्या या गावचे कुंकू पंढरपूर, तुळजापूरसारख्या देवस्थानांच्या बाजारात जाते आणि तिथून कुठल्या कुठल्या कपाळांवर पोचते. हळदीला चुन्यासारखा किंवा सवागीसारखा क्षार लागला की ती लाल होते, ही कुंकवाची जुनी किमया. आता पुष्कळसा धंदा पिठी आणि रंगावर चालतो, तो भाग निराळा. या कामावर जाणाऱ्या बाईचे हात संध्याकाळी लाल झालेले असतात आणि साबणाच्या एका धुण्यात ते निघत नाहीत. पण कुंकू लावणारी सुवासीण ते कालवणाऱ्या हाताची चौकशी करीत नाही. तो हात कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, त्या हाताची मालकीण सधवा की विधवा, तिची चालचलन कशी, हे विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. वस्तू हातातून सुटली की हात विसरला जातो. कष्टकऱ्याच्या दृष्टीने हा अन्याय आहे, पण त्यात एक आडोसाही आहे. वस्तू बाजारात उभी राहते, बाई घरी जाते.

काही कामांत मात्र हात सुटत नाही. जे करायचे ते दुसऱ्या माणसाच्या देहावरच करायचे असते. दाई, नर्स, न्हावी, बांगड्या भरणारा मणियार, मयताला गुस्ल देणारी मोहल्ल्यातली म्हातारी, चौपाटीवरचा तेल-मालिशवाला हे सारे या जातकुळीचे. आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या शहरांतून जी नवी दुकाने उभी राहिली त्या ‘स्पा’मध्ये काम करणाऱ्या मुलीही याच जातकुळीच्या. थंडगार खोली, मंद दिवा, कुठूनतरी येणारे पाण्याच्या आवाजाचे संगीत आणि दरपत्रकावर स्वीडिश, थाई, बाली अशी परदेशी नावे. परक्या माणसाच्या देहाला पैसे घेऊन आराम देणे हे काम माणसाला हलके करते काय? आणि करीत असेल तर कोणाला, देणाऱ्याला की घेणाऱ्याला? या प्रश्नाने मला बरेच दिवस स्वस्थ बसू दिलेले नाही.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. बी.एड.ला असताना श्रमप्रतिष्ठेवर मोठमोठी उत्तरे लिहिली. गांधीजींची नयी तालीम, १९३७ ची वर्ध्याची परिषद, त्यानंतरची डॉ. झाकिर हुसेन यांची समिती हे सारे पाठ होते. झाकिर हुसेनांचे नाव आले की मुसलमान विद्यार्थिनी म्हणून जरा अधिकच उत्साहाने लिहायचे. हाताने काम केल्याशिवाय डोके घडत नाही हा त्यातला विचार मला आजही पटतो. पण त्या योजनेतले उद्योग बहुतेक वस्तूंचे होते. सूतकताई, सुतारकाम, शेती, चामड्याचे काम. हाताखाली लाकूड असते तेव्हा लाकूड उलटून काही विचारीत नाही. हाताखाली माणूस असला की तो बघतो, बोलतो, मागतो, आणि पैसे त्याच्याच खिशातून यायचे असल्याने त्याला गप्प बस म्हणता येत नाही. श्रमप्रतिष्ठेच्या आमच्या धड्यात हे कुठे नव्हते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यातल्या एका स्पामध्ये कामाला आहे. तिचे नाव इथे येणार नाही, दुकानाचेही नाही. वडील गेले, आई कुंकवाच्या कामाला जाते, धाकटा भाऊ शिकतो आहे. दहावी झाली, बारावी अर्धवट राहिली. दौंड-सोलापूर लोहमार्गावर केम हे स्टेशन असल्याने पुणे आम्हाला परके नाही. गावातली तरणी पोरे कामासाठी तिकडेच जातात. आता मुलीही जाऊ लागल्या, एवढाच बदल. आधी तिने ब्यूटी पार्लरचे काम शिकून घेतले. मग पार्लरमधल्या ओळखीने स्पा. मोहल्ल्यात आई सांगते, “पार्लर में है.” ते अगदीच खोटे नाही.

ईदला ती आली की माझ्याकडे येऊन बसते. कामाबद्दल विचारले तर आधी अंगठे दाखवते. दिवसाला पाच, कधी सहा मसाज. प्रत्येक तासाभराचा. सगळे वजन अंगठ्यांवर आणि मनगटांवर येते. तिशीच्या आत असलेल्या या मुलीला सकाळी उठल्यावर मूठ आवळता येत नाही. खोली गिऱ्हाइकासाठी थंड ठेवलेली, ती घामाने भिजलेली. दिवसभर उभे राहून पोटऱ्या दुखतात. “आपा, सबके पाँवां दबाके आती, मेरे पाँवां कौन दबाते?” असे हसत हसत म्हणाली होती. तेलाने हाताची कातडी मऊ पडते आणि मग सोलते. रमजानमध्ये रोजा धरून काम करते. नमाजेला जागा नाही. कपडे बदलायच्या खोलीत, चादरींच्या ढिगाशेजारी उरकते. तेलकट हातांवर वजू होतो का, असे तिने मला एकदा विचारले होते. तेल कातडीत मुरते, नेलपॉलिशसारखा थर धरीत नाही, त्यामुळे होतो, असे आलिम सांगतात, ते मी तिला सांगितले. तिला फार हायसे वाटलेले दिसले. शरीअतचा इतका बारीक विचार करणारी ही मुलगी आणि तिच्याबद्दल मोहल्ल्यात चाललेली कुजबुज, यांची सांगड मला घालता येत नाही.

अंगमेहनतीचे हे झाले. याहून जड काम तिने नंतर सांगितले, ते म्हणजे हसण्याचे. आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत आवाज मऊ ठेवायचा. ‘सर’ म्हणायचे. गिऱ्हाईक बोलत असेल तर ऐकायचे, गप्प असेल तर गप्प राहायचे. वाईट बोलला तर ऐकू न आल्यासारखे करायचे. हात भलतीकडे आला तर हसतच बाजूला करायचा, कारण गिऱ्हाईक तुटता कामा नये. मालकाकडे गेले की तो म्हणतो, “सांभाळून घे.” या दोन शब्दांत त्या नोकरीची सगळी अट आहे. विडी वळणाऱ्या बाईला विडीकडे बघून हसावे लागत नाही.

विडीचे नाव निघाले म्हणून सांगते. आमच्या सोलापूर जिल्ह्यात विडी वळण्यावर हजारो घरे चालली. विडी माणसाचे फुप्फुस जाळते, हे आता सर्वांना ठाऊक आहे. तरीही विडी कामगार बाईच्या इज्जतीवर त्या धंद्यामुळे कोणी बोट ठेवीत नाही, आणि ठेवू नये. १९६६ साली विडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्या बायकांनी मोर्चे काढले. २००६ साली सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. एका हानिकारक वस्तूच्या धंद्यातल्या स्त्रीला कामगार म्हणून मान मिळाला, आणि दुखरी पाठ मोकळी करून देणाऱ्या मुलीला मात्र नाव सांगायची चोरी. म्हणजे आपण कामाची नीती त्याच्या परिणामावरून ठरवीत नाही. काय शिवले यावरून ठरवतो. त्यातही बाईने शिवले असेल तर जास्तच.

गुरुदत्तच्या १९५७ च्या ‘प्यासा’त जॉनी वॉकरने रंगवलेला तेल-मालिशवाला अब्दुल सत्तार आठवतो का? साहिरचे शब्द, सचिनदेव बर्मनचे संगीत आणि रफीचा आवाज. साऱ्या हिंदुस्थानने ते गाणे डोक्यावर घेतले. त्या चित्रपटात सख्खे भाऊ आणि जिवलग मित्र नायकाला ओळख द्यायला नाकारतात, आणि त्याला वेड्यांच्या इस्पितळातून सोडवायला धावतो तो हा मालिशवाला. त्याच्या धंद्यात कोणाला काही गैर दिसले नाही. पुरुषाने डोके दाबले तर त्याचे गाणे झाले, बाईने दाबले तर त्याची बातमी होते.

तसे आपल्या समाजाने देहस्पर्शाच्या कामांना जागा दिलेलीच नव्हती असे नाही. मणियाराचे किंवा कासाराचे उदाहरण घ्या. परका पुरुष, घरातल्या लेकी-सुनांचे हात हातात घेऊन बांगड्या भरतो. त्या काळात जिथे सून सासऱ्यासमोर उभी राहत नसे, त्या घरांतही मणियार ओसरीवर बसून तिचे मनगट दाबून बांगडी चढवीत असे. आणि बांगड्या भरून झाल्या की बाई त्याला नमस्कार करी, ही महाराष्ट्रातली जुनी रीत. मणियार मुसलमान आणि नमस्कार करणारी पाटलाची सून, असेही कितीदा घडले असेल. हा स्पर्श कशाने पाक झाला? मला वाटते, तिथे तो उघड्यावर होता, घरची माणसे भोवती होती, आणि मणियाराला गावात नाव होते. कोणाचा मुलगा, कुठल्या गल्लीतला, हे सर्वांना माहीत. स्पाच्या खोलीत यातले काहीच नाही. दार लोटलेले, दोघे अनोळखी, आणि मुलीचे नाव दुसरेच. हो, नाव दुसरेच. कामावर रुजू झाली त्याच दिवशी मालकाने तिला छोटेसे, गोडसे, कुठल्याही धर्माचे न वाटणारे एक नाव दिले. “तेरा नाम लंबा है,” एवढेच कारण सांगितले. लांब नव्हते. मुसलमानी होते.

या नामांतराचा विचार करताना मला एक फार जुना माणूस आठवतो. साके दीन महोमेत. जन्म पाटण्याचा, १७५९ चा. पोरवयात ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेबरोबर फिरला, १७८४ मध्ये आयर्लंडला गेला, तिथल्या जेन डॅली नावाच्या मुलीशी लग्न केले, १७९४ मध्ये प्रवासवर्णन छापले. हिंदुस्थानी माणसाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले ते पहिले पुस्तक मानतात. १८१० मध्ये लंडनला हिंदुस्थानी खाण्याचे कॉफीगृह काढले आणि दोन वर्षांत दिवाळे वाजले. मग ब्रायटनच्या समुद्रकाठी जाऊन त्याने वाफेचे स्नान आणि चंपी सुरू केली. ‘शाम्पू’ हा इंग्रजी शब्द आपल्या ‘चाँपना’वरून आला आहे, आणि त्याच्या काळी त्याचा अर्थ केस धुणे नव्हता, अंग रगडणे हा होता. लोक कुबड्या घेऊन यायचे आणि बऱ्या झालेल्यांच्या कुबड्या तो भिंतीला टांगून ठेवायचा. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांनी त्याला आपला खास मालिशतज्ज्ञ नेमले. बायकांच्या स्नानगृहाची व्यवस्था जेन पाहत असे. १८५१ साली तो वारला. युरोपातल्या आजच्या स्पा-धंद्याच्या पूर्वजांत पाटण्याच्या मुसलमान घरातला हा माणूस आहे, हे आपल्या मुलांना सांगायला हवे. लग्नासाठी त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, हेही सांगायला हवे. पण दुकानाच्या पाटीवरून महोमेत हे नाव त्याने उतरवले नाही. उलट त्या नावाचाच व्यापार केला. पूर्वेकडचा माणूस, पूर्वेकडची विद्या. गिऱ्हाइकाला ते हवे होते. माझ्या विद्यार्थिनीच्या गिऱ्हाइकाला ते नको आहे, निदान मालकाला तसे वाटते. दोन्हीकडे नावाची किंमत बाजारानेच ठरवली, हे खरे. पण महोमेत मालक होता. आपले कुठले नाव विकायचे हे तो स्वतः ठरवू शकत होता.

आता ज्या प्रसंगाने हा लेख लिहावासा वाटला तो सांगते. आमच्या भागातल्या एका मशिदीत वजूखान्याच्या दुरुस्तीसाठी वर्गणी निघाली. या मुलीच्या आईने लेकीने पाठवलेल्या पैशांतून काही रक्कम दिली. दोन दिवसांनी कोणीतरी कुरकुर केली, की ही रक्कम कशाची आहे ते आधी पाहावे. भांडण झाले नाही. पैसे परतही केले नाहीत. फक्त पावती फाडायची राहिली ती राहिलीच. आई माझ्याकडे आली. तिच्या हातांना कुंकवाचा रंग होता. म्हणाली, “आपा, मेरी बेटी लोगां के पाँवां दबाती, किसी का गला नै दबाती. ये पैसा हलाल नै क्या?”

मी मुफ्ती नाही. फतवा देणे हे माझे काम नाही आणि तशी हौसही नाही. पण जे वाचले आहे त्याच्या आधारे विचार करण्याची मुभा शिक्षिकेला असायला हरकत नसावी.

देहसेवेच्या मजुरीबद्दलचा हा वाद इस्लामच्या अगदी पहिल्या दिवसांपासूनचा आहे. रक्त काढणाऱ्या हज्जामाची कमाई हलकी आहे अशा अर्थाची रिवायत आहे. दुसरीकडे बुखारीतच नमूद आहे, की पैगंबरांनी (स.) अबू तैबा नावाच्या हज्जामाकडून रक्त काढून घेतले, त्याला मजुरी म्हणून धान्य दिले, आणि त्याच्या मालकांशी बोलून त्याच्यावरचा ठरलेला खंड कमी करून घेतला. ही कमाई हराम असती तर त्यांनी ती दिलीच नसती, असा इब्न अब्बास (रजि.) यांचा युक्तिवाद. बहुतेक फकीह याच बाजूचे आहेत. आपण ही हदीस कमाई जायज ठरवण्यापुरती वाचतो आणि पुस्तक मिटतो. मला तिचा शेवटचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. मजुरी देऊन ते थांबले नाहीत. त्याच्या मालकांशी बोलले. गुलाम होता तो. त्याच्या डोक्यावरचा बोजा किती आहे ही चौकशी केली. वजूखान्याच्या वर्गणीवर शंका घेणाऱ्या आमच्या भाईंपैकी कोणी त्या मुलीच्या मालकाशी बोलायचा विचार केला असता, तर ही हदीस पुरी वाचली असे मी म्हणाले असते.

दुसरी गोष्ट इमाम गजालींची. ११११ साली ते वारले. त्यांच्या ‘इह्या’ या ग्रंथात तहारतच्या भागात हमामखान्यात जाण्याचे नियम आहेत. त्या काळी शहराशहरांत हमाम होते आणि तिथे अंग रगडणारा दल्लाक असे. आपले सत्र दुसऱ्याच्या नजरेपासून आणि स्पर्शापासून जपावे, ते स्वतःच्याच हाताने धुवावे आणि दल्लाकाचा हात मांड्यांकडे जाऊ देऊ नये, अशी त्यांची शिकवण. बारकाईने पाहा. ही जबाबदारी त्यांनी कोणावर टाकली? आंघोळीला आलेल्यावर. दल्लाकाला उपदेश करून ते मोकळे झाले नाहीत. पैसे मोजून जो अंग पसरतो त्याने आपली हद्द राखायची. नऊशे वर्षांनंतर आपण नेमके उलटे करतो. गिऱ्हाइकाची नीती ही तिथल्या मजूर मुलीने सांभाळायची, आणि ती बिघडली तर पाप तिच्या नावावर. त्या स्पात जाणाऱ्यांत आपले भाईही असतात, असे ती मुलगी सांगते. त्यांच्या वर्गणीच्या पावत्या कुठे अडलेल्या मी ऐकल्या नाहीत.

अर्थात शंका घेणाऱ्यांचे सगळेच म्हणणे मी उडवून लावणार नाही. नामहरम पुरुषाला बाईने मसाज देणे ही शरीअतच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. आणि ते त्या मुलीलाही नको आहे. फक्त बायकांचेच काम द्या असे तिने सुरुवातीलाच सांगितले होते, मालकाने हो म्हटले होते. पण बायका गिऱ्हाईक कमी येतात, मग पाळीत जो येईल तो. नाही म्हटले तर त्या दिवसाचे कमिशन गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये दिल्ली सरकारने स्त्रीने पुरुषाला आणि पुरुषाने स्त्रीला मसाज देण्यावर बंदी घातली होती. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. अशा सरसकट बंदीचा अनैतिक धंदे रोखण्याशी प्रथमदर्शनी रास्त संबंध दिसत नाही, असे न्यायालयाचे मत पडले. मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. पुरुषाला मसाज द्यायचा की नाही हे त्या मुलीने ठरवावे. बंदी सरकारची नको आणि सक्ती मालकाची नको. ती नाही म्हणाली तर तिची भाकरी जाता कामा नये, एवढी तजवीज झाली असती तर अर्धा प्रश्न सुटला असता. जिला नकार देता येत नाही तिच्या होकाराची नीती तपासणे हा मला शुद्ध ढोंगीपणा वाटतो.

मराठी वर्तमानपत्रांत दर काही दिवसांनी ‘स्पाच्या नावाखाली’ या शब्दांनी सुरू होणारी बातमी असते. छापा पडतो, मुलींची ‘सुटका’ होते. काही ठिकाणी खरोखर फसवून आणलेल्या मुली असतात आणि त्यांच्यासाठी तो छापा सुटकाच असतो, यात शंका नाही. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधाचा कायदा त्यासाठीच आहे. पण सुटका झालेल्या मुलीला पुढे सुधारगृहात ठेवतात, आणि सज्ञान मुलीलाही तिथून सहज बाहेर पडता येत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच तीन सज्ञान स्त्रियांना सोडण्याचा आदेश देताना, आपला व्यवसाय निवडण्याचा हक्क सज्ञान स्त्रीला आहे असे स्पष्ट केले. ते प्रकरण स्पाचे नव्हते. तरी छाप्याच्या बातमीनंतर शेजारच्या, सरळ चाललेल्या स्पातली मुलगी रात्री रिक्षातून घरी जाताना दुपट्ट्याने तोंड झाकून घेते, ते कशासाठी, हे त्यावरून कळावे. पोलिसांची भीती, घरमालकाची भीती, गावाकडून येणाऱ्या फोनची भीती. काम तेच, पाठी तितक्याच दुखऱ्या.

कायद्यात तिच्यासाठी काहीच नाही असे नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त साहेबाच्या किंवा सहकाऱ्याच्या छळापुरता नाही. कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या माणसांपासून स्त्रीला सुरक्षित ठेवणे हे त्याच्या कलम १९ ने मालकाचे कर्तव्य ठरवले आहे. म्हणजे ‘सांभाळून घे’ हे मालकाचे उत्तर कायद्याला मान्य नाही. सांभाळायचे त्याने आहे. दहापेक्षा कमी माणसे असतील तिथे अंतर्गत समिती नसते, म्हणून अशा ठिकाणच्या बायकांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. छोट्या स्पामध्ये चार-पाच मुलीच कामाला असतात, तेव्हा त्यांचा रस्ता हाच.

पावतीचे म्हणाल तर आईने पुन्हा मागितली नाही. मी मात्र त्या भाईंपैकी एकांच्या बेगमजवळ गजालींची गोष्ट काढली. त्यांनी ऐकून घेतली. वजूखान्याचे नळ आता बसले आहेत आणि त्यांचे पाणी कोणाच्या पैशाचे ते वेगळे करून सांगता येत नाही.

मागच्या ईदला ती आली तेव्हा मी तिला स्थानिक समितीची सगळी माहिती दिली. तक्रार कशी लिहायची, किती दिवसांच्या आत द्यायची. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “तक्रार कुठल्या नावाने करायची, आपा? तिथल्या वहीत मी नाहीच. जी आहे ती दुसरीच आहे.”

मी म्हटले, पगार बँकेत येतो ना? तिथे तुझे खरे नाव आहे. पासबुकाच्या त्या पानांच्या झेरॉक्स काढून माझ्याकडे ठेव.

“अर्धाच बँकेत येतो,” ती म्हणाली. “बाकीचा हातात देतात.” आणि पर्समधून पासबुक काढून तिने माझ्यापुढे ठेवले.